बोट शाकारली, पण इंजिनाचं काय?

मे संपत आला की माझा फोन आणि या सदराची टपालपेटी दोन्ही भरून वाहतात. १ जूनला मासेमारीची बंदी लागते, ३१ जुलैपर्यंत म्हणजे ६१ दिवस बोटी वर, आणि सगळ्यांना नेमकं शेवटच्या आठवड्यात आठवतं की अरे इंजिनचं काहीतरी करायचं राहिलंच. बोट शाकारायला आपल्याकडे आख्खी वाडी येते, झापं येतात, ताडपत्री येते, दोऱ्या ताणल्या जातात, कुणीतरी भजी पण आणतं. आणि खाली इंजिन रूममधे तो काळा गडी अंगावरच्या मिठासकट तसाच बसून राहतो. मी पस्तीस वर्षं पाना धरलाय, त्यातली नऊ जहाजावर मोटरमन म्हणून आणि बाकीची रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराच्या आसपास. ऑगस्टमधे जेवढी इंजिनं उघडली त्यातली निम्मी तरी चालवून खराब झालेली नव्हती हो, ठेवून खराब झालेली होती. म्हणून या वेळचे सगळे प्रश्न इंजिन ठेवण्याबद्दलचे घेतलेत. एक पत्र तर थेट अमेरिकेतून आलंय, तिथे पाऊस नाही पण बर्फ आहे, ते पण घेतलंय.

प्रश्न : मिस्त्री, आमची ट्रॉलर आहे, सहा सिलिंडर लेलँड. बाबा ऑइल नेहमी ऑगस्टमधे बोट उतरवायच्या आधी बदलायचे, म्हणायचे नवीन ऑइल घालून दोन महिने नुसतं ठेवायचं म्हणजे पैसे पाण्यात. यंदा आमचा फिटर म्हणतोय आत्ताच बदला. आताच्या ऑइलला दीडशे तासच झालेत. कोण बरोबर?
(एक तांडेल, हर्णै)

फिटर बरोबर. बाबांना सांगू नका मी असं म्हणालो म्हणून, पण फिटर बरोबर.

बाबांचा हिशोब असा की ऑइल चालून खराब होतं, ठेवून नाही, मग नवीन कशाला ठेवा. हे नव्या ऑइलला लागू आहे, जुन्याला नाही. दीडशे तास चाललेल्या ऑइलमधे काजळी असते, जळलेल्या डिझेलची वाफ असते, आणि त्या वाफेत आम्ल असतं. पूर्वी डिझेलमधे गंधक जास्त होतं तेव्हा हे फार वाईट होतं, एप्रिल २०२० पासून बीएस-६ चं डिझेल आलं त्यात गंधक १० पीपीएमवर आणलंय त्यामुळे बरंच कमी झालं, पण शून्य झालं नाही, आणि पाण्याची वाफ तर तेवढीच होते. इंजिन रोज चालतं तेव्हा गरम होऊन ही वाफ ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनच्या श्वासाच्या नळीतून, निघून जाते. उभं राहिलं की जायला जागाच नाही, ते पाणी आणि आम्ल खाली बसतं, बेअरिंगवर, क्रँकवर, आणि दोन महिने निवांत काम करतं. मी एकदा असंच ठेवलेल्या इंजिनचं मेन बेअरिंग काढलं होतं, त्या चकचकीत पत्र्यावर देवीच्या वणांसारखे खड्डे. इंजिन सीझनभर व्यवस्थित चाललेलं, तक्रार काही नाही, मालक म्हणाला असं कसं झालं. असं झालं की ते जूनमधे झालं.

आता दुसरी गोष्ट, ही जास्त महत्त्वाची, काम कधी करायचं. बोट वर ओढायच्या आधी, पाण्यात असतानाच. बहुतेक लोक बोट वर घेतात, झापं घालतात आणि मग फिटरला बोलावतात, मग तो थंड इंजिनमधून थंड ऑइल काढतो आणि निम्मी घाण खालीच चिकटून राहते. पाण्यात असताना १५-२० मिनिटं इंजिन चालवा, चांगलं गरम होऊ द्या, बंद करा, लगेच ऑइल काढा, फिल्टर बदला, नवीन भरा, परत पाच मिनिटं चालवा म्हणजे नवीन ऑइलचा पापुद्रा सगळ्या बेअरिंगवर बसेल. गिअर बॉक्सचं ऑइल पण त्याच वेळी बघा, डिपस्टिकवर दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, ते तसंच ठेवू नका.

मग मीठ. समुद्राच्या एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं आणि इंजिन गार करायला आत घेतलेलं ते पाणी तुमच्या हीट एक्सचेंजरमधे, ऑइल कूलरमधे, पंपात भरलेलं आहे. ते सुकलं की खडा होतो. २०० लिटरचा ड्रम डेकवर ठेवा, गोड पाण्यानं भरा, सी-कॉक, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक, बंद करा, पंपाच्या सक्शनचा पाइप काढून ड्रममधला जाड पाइप तिथे जोडा आणि इंजिन स्लोला चालवा. ड्रम बघता बघता रिकामा होतो, कोणीतरी वर उभं राहून ओरडायला हवं, नाहीतर पंप कोरडा चालेल. हे झालं की पंपाचं झाकण उघडून इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं रबरी चक्र, काढून घ्या. रबराच्या त्या पाकळ्या एका बाजूला वाकलेल्या असतात, दोन महिने तशाच राहिल्या की वाकूनच बसतात, आणि ऑगस्टमधे चालू केल्यावर एखादी तुटून कूलरच्या तोंडाशी अडकते. मग इंजिन गरम होतं आणि सगळे थर्मोस्टॅटला शिव्या देतात.

काढलेला इंपेलर कुठे ठेवायचा? चावीच्या दोरीला बांधायचा. म्हणजे इंपेलर हातात घेतल्याशिवाय चावी लावताच येत नाही. हे मला एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं शिकवलं, याच्यापेक्षा चांगली सूचना कुठल्या मॅन्युअलमधे वाचलेली नाही मी.

आणि गोड्या पाण्याच्या बाजूला, म्हणजे इंजिनात आतल्या आत फिरणाऱ्या पाण्यात, नळाचं पाणी भरलं असेल तर तेही काढा. आपल्याकडे लोकांना वाटतं कूलंट थंड प्रदेशाची गोष्ट आहे. अहो आपल्याकडे ते गोठू नये म्हणून नाही, गंजू नये म्हणून घालायचं.

प्रश्न : डिझेलची टाकी भरून ठेवायची की रिकामी करायची? दोन माणसं तीन मतं सांगतात.
(देवगड)

तीन मतं आहेत कारण तिन्हीत थोडं थोडं खरं आहे.

भरून ठेवा म्हणणारे सांगतात की रिकाम्या टाकीत हवा असते, हवेत ओल असते, रात्री गार झालं की आतून पाण्याचे थेंब धरतात. बरोबर आहे, पण असं धरलेलं पाणी थोडंच असतं. मी टाक्यांतून बादलीभर पाणी काढलंय ते हवेतून आलेलं नव्हतं, ते डेकवरच्या झाकणाच्या सडलेल्या रबरी रिंगमधून आलेलं होतं. कोकणात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तुमचं झाकण डेकच्या बरोबरीनं बसवलेलं असतं, वर पाणी साचतं, आता सांगा कुठे जाईल ते. त्यामुळे टाकी भरा किंवा रिकामी करा, पण आधी दहा-वीस रुपयांची ती रिंग बदला आणि झाकणावर प्लॅस्टिक बांधा.

आता माझं मत. लोखंडी टाकी असेल तर भरून ठेवलेली बरी, किंवा अगदी पूर्ण रिकामी करून, पुसून, आतून तेलाचा हात मारून. फायबरची असेल तर रिकामी ठेवली तरी चालतं. सगळ्यात वाईट म्हणजे अर्धी टाकी, आणि गंमत म्हणजे सगळ्यांची अर्धीच असते, कारण शेवटच्या फेरीनंतर जे उरलं ते उरलं. भरलेल्या टाकीला चोरीची भीती असते, बंद बोटीत दोन महिने एवढ्या पैशाचं डिझेल कोण ठेवील, ते मला कळतं. मग काढून ड्रममधे घरी न्या.

पाणी राहिलं तर नुसता गंज येतो असं नाही. पाणी खाली, डिझेल वर, आणि दोघांच्या मधल्या रेषेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. खोटं वाटतं लोकांना, डिझेलमधे जीव कसा जगेल, पण जगतो, डिझेल खाऊन आणि पाण्यात राहून. काळपट चिकट जेलीसारखा गाळ दिसतो, नासल्यासारखा वास येतो. तो फिल्टरमधे अडकतो. बाजारात औषध मिळतं, ते मारतं, पण मेलेला गाळ कुठे जात नाही, तो फिल्टरमधेच येतो, म्हणून आधी टाकी साफ आणि मग औषध.

तपासायचं कसं ते सोपं आहे. सकाळी, बोट हलवायच्या आधी, टाकीच्या खालच्या कॉकमधून पारदर्शक बाटलीत थोडं काढा आणि दहा मिनिटं ठेवा. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, पाणी खाली जाऊन बसतं आणि मधे रेघ दिसते. नुसतं डिझेल येईपर्यंत काढत रहा.

प्रश्न : दादा, बाबा गेल्यापासून बोट मी बघते, त्यामुळे इंजिनमधलं ऐकून ऐकून शिकतेय. गेल्या ऑगस्टमधे बोट उतरवली तर इंजिन पहिल्या सेल्फला चालू झालं, दहा-पंधरा मिनिटं छान चाललं, मग आवाज बसत गेला आणि बंद. अर्ध्या तासानं परत चालू, परत तेच. वर्कशॉपवाल्यांनी पंप उघडला, नोझल बदलले, बिल बावीस हजार, फरक काही नाही. एक दिवस खलाशी डिझेल भरून टाकीचं झाकण नीट लावायला विसरला आणि त्या दिवशी इंजिन संध्याकाळपर्यंत चाललं! मग आपोआपच ठीक झालं असं म्हणून आम्ही सोडून दिलं, झाकण अजून सैलच ठेवतो. नक्की काय झालं होतं, आणि यंदा होऊ नये म्हणून काय करू?
(रेवदंडा)

ताई, उत्तर तुमच्या पत्रातच आहे. झाकण.

टाकीतून डिझेल जातं तशी तेवढी हवा आत यायला हवी, त्यासाठी टाकीला बारीक व्हेंटचा पाइप असतो, बहुतेक बोटींवर केबिनच्या मागे वाकवून खाली तोंड करून सोडलेला. पावसाळ्यात बोट दोन महिने शांत उभी असते, आणि आपली कुंभारीण माशी असते ना, ती चिखलाचं घर करायला असंच एखादं कोरडं भोक शोधत असते. पाइपच्या तोंडात चिखलाचा बूच. बाहेरून दिसत पण नाही. इंजिन चालू केलं की टाकीत वर जी काही हवा आहे त्यावर दहा-पंधरा मिनिटं निघतात, मग टाकी आतून ओढायला लागते, डिझेल येईना, इंजिन भुकेनं मरतं. अर्धा तास थांबलात की कुठल्या तरी सांध्यातून हवा हळूहळू आत शिरते आणि परत चालू. खलाशानं झाकण सैल ठेवलं, हवेला वाट मिळाली, संपला विषय. त्या खलाशाला चहा पाजा, बावीस हजारांचं काम त्यानं विसरून केलं.

पुढच्या वेळी असं झालं तर पहिली गोष्ट, इंजिन बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. स्स्स करून हवा आत ओढली गेली तर व्हेंट बंद आहे. पंप झिजला असता तर सहसा उलटं झालं असतं, थंड असताना चालू होणार आणि गरम झाल्यावर चालू व्हायला नखरे. पंप ही सगळ्यात शेवटी उघडायची गोष्ट आहे, पण सगळ्यात जास्त बिल त्याचंच होतं, म्हणून काही ठिकाणी ती सगळ्यात आधी उघडतात, जाऊ दे.

पण झाकण सैल ठेवणं थांबवा, वरचं उत्तर वाचा, तुम्ही स्वतःहून पाऊस आत घेताय. पाइपमधे तार घालून चिखल काढा, एअर मारा, आणि तोंडाला पितळेची बारीक जाळी तारेनं आवळून बांधा. जाळी कायमची राहू दे, हवा जाते, माशी जात नाही. कापडाचा बोळा कोंबू नका, तो ऑगस्टमधे काढायचा राहतो आणि मग आपणच कुंभारीण.

प्रश्न : दर रविवारी बोटीवर जाऊन पाच मिनिटं इंजिन चालू करतो म्हणजे जाम होत नाही. बरोबर ना?
(उत्तन)

नाही हो. प्रेमानं करताय पण नाही.

पाच मिनिटांत इंजिन गरम होत नाही. थंड सिलिंडरमधे डिझेल पूर्ण जळत नाही, ते भिंतीवरचं ऑइल धुवून खाली उतरतं, आणि जळल्यावर झालेली पाण्याची वाफ बाहेर जायच्या आधीच तुम्ही बंद करता. म्हणजे नऊ रविवार तुम्ही ऑइलमधे थोडं थोडं पाणी घातलं. त्यात बोट वर असेल तर पंपाला पाणीच नाही, कोरडा इंपेलर मिनिटभरात सुद्धा जळू शकतो. तुम्ही पाच मिनिटं चालवताय आणि अजून जळला नाही म्हणताय तर मला शंका आहे की तो आधीच गेलाय.

जाम होऊ नये म्हणून करायचं असेल तर पंधरा दिवसांतून एकदा स्टॉपचा लिव्हर ओढून ठेवून क्रँक हातानं फिरवा, पुलीचा नट असतो त्यावर मोठा पाना लावून, दोन पूर्ण फेऱ्या, आणि आधी होती त्यापेक्षा वेगळ्या जागी थांबवा. खडूनं पुलीवर खूण करून ठेवा. आणि फिरवताना कुठे कडक लागलं तर जोर लावू नका, एखाद्या सिलिंडरमधे पाणी उतरलेलं असू शकतं, आधी ते बघा.

प्रश्न : नमस्कार काका, मी मूळचा अलिबागचा, आता डेट्रॉइटजवळ असतो. लेक सेंट क्लेअरवर सेकंडहँड बोट घेतलीय, दोन डिझेल इंजिनं, हीट एक्सचेंजरवाली. ऑक्टोबरमधे वर काढायची, मेपर्यंत शेडबाहेर उघड्यावर. इथे मरीनावाले विंटरचं काम करून देतात पण दोन इंजिनांचं बिल ऐकून स्वतः करावंसं वाटतंय. लहानपणी आजोबांची बोट शाकारताना बघितलीय तेवढाच अनुभव. जमेल का?
(मिशिगन)

जमेल. आजोबांच्या बोटीचं जे केलं तेच सगळं, फक्त शत्रू वेगळा. इथे पाणी बाहेरून आत शिरतं म्हणून भीती, तिथे जे आत आहे ते बाहेर निघालं नाही म्हणून भीती.

मी बर्फाचा फार मोठा जाणकार नाही, पण जहाजावर असताना उत्तर समुद्रात हिवाळे काढलेत आणि लाइफबोटच्या इंजिनांची जबाबदारी माझ्याकडे असायची. ती शून्याखाली १५ अंशांना दोन मिनिटांत चालू झालीच पाहिजेत असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, त्यामुळे या विषयावर चीफ इंजिनिअरच्या शिव्या मी भरपूर खाल्ल्यात. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं. हे फुगणं ओतीव लोखंड अडवू शकत नाही. कूलरच्या नळीत, पंपात, स्ट्रेनरमधे म्हणजे पाण्याच्या गाळणीत कपभर पाणी राहिलं तरी ते तडकतं, आणि तडकलेलं कळतं थेट मे महिन्यात, बोट पाण्यात गेल्यावर.

दोन पाणी आहेत हे डोक्यात पक्कं ठेवा. एक आतलं बंद, कूलंटचं, आणि एक तलावातून येऊन बाहेर जाणारं. आतल्यात निम्मं कूलंट निम्मं पाणी असेल तर ते शून्याखाली ३७ पर्यंत चालतं, पण सेकंडहँड बोट आहे, आधीच्या मालकानं उन्हाळ्यात नुसतं पाणी टॉपअप केलेलं असणार, म्हणून कूलंट किती दाट ते दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरनं दोन्ही इंजिनांचं वेगवेगळं बघा. एकाचं ठीक म्हणून दुसऱ्याचं ठीक असं नाही.

बाहेरच्या पाण्याच्या बाजूला गुलाबी अँटिफ्रीझ घालायचं, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं. हिरवं गाडीतलं इथे नको, ते एथिलीन ग्लायकॉल, विषारी, आणि हे मे महिन्यात तलावात जाणार आहे. बोट वर आली की सी-कॉक बंद, स्ट्रेनर उघडा, कुणालातरी वरून बादलीनं गुलाबी ओतत रहायला सांगा आणि इंजिन स्लोला चालवा. मागे एक्झॉस्टमधून आधी पाणी येईल, मग फिकट गुलाबी, मग दाट. फिकट दिसल्यावर बंद करू नका, सगळे तिथेच चुकतात, ते फिकट म्हणजे आतलं पाणी मिसळलेलं आहे. बादलीतल्यासारखा रंग मागून येईपर्यंत चालवा. एका इंजिनला २० लिटर धरून चला, कमी पडलं तर दुकान लांब असतं. आणि डब्यावर उणे ५० लिहिलेलं असतं ते तुमच्याकडच्या फॅरनहाइटमधे, शिवाय त्याचा अर्थ तोपर्यंत पाइप फुटत नाही एवढाच, त्याच्या खूप आधी ते बर्फाच्या गोळ्यासारखं भुसभुशीत होतं. म्हणून त्यात पाणी घालून पुरवायचं नाही. आपल्या माणसाला तो मोह होतो म्हणून सांगितलं.

डिझेलचं मात्र आपल्यापेक्षा वेगळं. तिकडे ५ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल पंपावर पाटी न लावता असू शकतं आणि ते पाणी धरून ठेवतं. सात महिने ठेवायचंय, टाकी जवळजवळ भरा, स्टॅबिलायझर आणि बुरशीचं औषध घाला, आणि हे बोट पाण्यात असताना, शेवटच्या चकरेआधी, म्हणजे औषधवालं डिझेल फिल्टर ओलांडून पंपापर्यंत पोचेल. टाकीत ओतून लगेच इंजिन बंद केलंत तर पंपात अजून जुनंच आहे. ऑइलचं वर हर्णैच्या तांडेलांना सांगितलंय तेच, दोन्ही इंजिनं, दोन्ही गिअर बॉक्स, आणि जनरेटर असेल तर तो पण. जनरेटर आणि एसीचा पंप सगळे विसरतात.

एक बारकावा सांगतो. सी-कॉक बॉल व्हॉल्व्हचा असेल तर बंद केल्यावर त्या गोळ्याच्या पोटात चमचा-दोन चमचे पाणी अडकतं, आणि तेवढं बॉडी तडकवायला पुरतं. बोट वर आल्यावर, सगळं झाल्यावर हँडल अर्धवट, तिरकं ठेवा म्हणजे ते निथळतं. मेमधे उतरवताना मात्र आधी बंद करा, नाहीतर दुसरंच सदर वाचावं लागेल.

बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवा. चार्ज असलेली बॅटरी तुमच्याकडच्या थंडीला गोठत नाही, उतरलेली शून्याखाली १० च्या आसपासच गोठू शकते, आणि मग पेटीच फुटते. तुमचं पाणी गोडं आहे त्यामुळे मीठ धुवायची कटकट नाही हे तुमचं नशीब, पण बुडाला झिंकचे अॅनोड, म्हणजे बोटीचा गंज स्वतःवर घेणारे तुकडे, लावलेले असतील तर गोड्या पाण्यात ते नीट काम करत नाहीत, अॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमचे विचारा.

बिलाचं म्हणाल तर पहिल्या वर्षी एक काम करा, त्यांच्याकडून करून घ्या आणि शेजारी उभे रहा, वही घेऊन. दुसऱ्या वर्षीपासून स्वतः. उभं राहू देत नसतील तर दुसरा मरीना बघा.

प्रश्न : आमची पर्यटकांची बोट पावसाळ्यात वर काढायला जागा नाही, मांडवीतच बांधून ठेवणार. इंजिनसाठी वेगळं काही?
(पणजी)

वरचं सगळं तसंच, आणि तीन गोष्टी जास्त. सी-कॉक बंद आणि बंद आहे हे स्वतः हात लावून बघा. पंख्याचा शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या ग्लँडचं पॅकिंग थोडं आवळा, उभ्या बोटीला थेंब टपकायला नको, चालू करायच्या आधी परत सैल करायचं हे लिहून चिकटवा. आणि बिल्ज पंपाची, म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाची बॅटरी, ती इंजिनच्या बॅटरीपासून वेगळी ठेवा. पावसात बोट बुडते ती भोकानं कमी आणि मेलेल्या बॅटरीनं जास्त. आठवड्यातून एकदा माणूस गेलाच पाहिजे, व्हॉट्सॅपवर फोटो मागवून चालत नाही, फोटोत बिल्ज दिसत नाही.

प्रश्न : मी डिप्लोमा मेकॅनिकलला आहे. आजोबा बोट शाकारली की सायलेन्सरच्या उभ्या पाइपवर करवंटी उपडी घालतात. मी म्हटलं मेटलची कॅप बसवू, तर चिडले. करवंटीला काही अर्थ आहे का?
(मालवण)

आहे की. पाइप उभा, वरून पाऊस, पाणी सरळ मॅनिफोल्डमधे, आणि तिथे ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल त्याच्यात. लायनर गंजतो, नाहीतर पहिल्याच सेल्फला पिस्टन पाण्यावर आपटून कनेक्टिंग रॉड वाकतो. तीन-चार इंची पाइपवर करवंटी बरोबर बसते, वाऱ्यानं उडत नाही, त्यावर प्लॅस्टिक बांधलं की झालं. आणि ऑगस्टमधे कोणी काढायची विसरला तर ती पहिल्या धुराबरोबर फट्कन उडून जाते, मेटलची कॅप घट्ट बसलेली असेल तर इंजिन गुदमरतं आणि पोरं परत पंप उघडतात. फक्त आजोबा कुठली वाटी घेतात ते नीट बघा, नारळाला डोळे असतात त्या बाजूची नको, त्यातून पाणी गळतं. बिनडोळ्यांची घ्यायची.